काम असेल तेवढंच उघडायचं

३ नोव्हेंबर, सोम.

आज पुन्हा चुकले. दोन सुनीता वानखेडे होत्या. एकीचा एक्स-रे दुसरीच्या नावाखाली लावला. सरावाचे खोटे पेशंट नव्हते, खऱ्या बाया. तांबे मॅडमनी लगेच पकडलं म्हणून निभावलं. ओरडल्या नाहीत. माझी खुर्ची जरा बाजूला सरकवली, स्वतः दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, "शुभांगी, आधी नंबर, मग जन्मतारीख, नाव सगळ्यात शेवटी." बॅचमधले पोट्टे मान खाली घालून टाइप करत होते, म्हणजे कान इकडेच. सगळे माझ्याहून लहान. त्यांची बोटं न बघता चालतात. मी अजून अक्षर शोधते.

घरी आई : "काय शिकून राहिली वं तिथं इतके दिवस?" सांगितलं, पेशंटची माहिती कंप्यूटरवर चढवायची, जुन्या फायली स्कॅन करून ज्याच्या त्याच्या नावाला जोडायच्या. "म्हंजे टायपिंगच ना." हो म्हटलं.

५ नोव्हें.

पासवर्ड मिळाला. माझा स्वतःचा. त्याआधी एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दवाखान्याचा रेकॉर्ड विभाग तळमजल्यावर आहे, फायलींचा कुबट वास. आता त्या सगळ्या फायली आम्ही चढवणार. पास झालं तर आमच्या बॅचमधल्याच दोघा-तिघांना इथं नोकरी.

मॅडम म्हणाल्या, "कोण काय उघडतो त्याची नोंद राहते, हे लक्षात ठेवा. पण मी त्या भीतीनं सांगत नाही. पेशंटनं हे डॉक्टरला सांगितलंय, तुम्हाला नाही. तुम्ही फक्त ठेवणारे. काम असेल तेवढंच उघडायचं."

सीताबर्डीवरून चालत घरी आले. उगाच बरं वाटत होतं. बाबा गांधीबागेतून दुकान आटोपून आले, त्यांना सांगितलं. "जबाबदारीचं काम दिसते," म्हणाले. एवढंच, पण म्हणाले.

९ नोव्हें., रवि.

दादासाठी मुलगी पाहायला गेलो. नरखेडच्या पुढे, मामाच्या ओळखीतलं घर. संत्र्याची बाग, तोड चालू होती, ओट्याखाली क्रेट रचलेले. मुलगी प्रणाली. नरखेडच्या खासगी शाळेत बालवर्गाला शिकवते. बारीक आहे, आवाज मात्र स्वच्छ. आईनं विचारलं, स्वयंपाक येतो का, तर म्हणाली, "येतो, पण भाकरी अजून फुगत नाही माझी." दादाला हसू आलं ते त्यानं चहाच्या कपात लपवलं.

मग दोघांना बागेत बोलायला पाठवलं. बराच वेळ आले नाहीत. मामा म्हणाला, "घ्या, जमलं म्हना."

दादा सावनेरला मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान चालवतो. दिवसभर शेतकऱ्यांशी बोलतो, घरी आला की बोलत नाही. येताना बसमध्ये मात्र स्वतःहून म्हणाला, "चांगली आहे, नाही का गा बाबा?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुले पटली ना, झालं तं मंग."

मलाही आवडली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही दवाखान्यात काम करता ना? मस्त काम आहे." मी शिकाऊ आहे हे सांगितलं नाही.

११ नोव्हें.

आईला कुठून तरी कळलं. प्रणाली मागे कॉलेजात असताना नागपूरला भरती होती. कशासाठी ते कोणाला माहीत नाही. दवाखाना आमचाच. म्हणजे मी जिथं शिकते तोच.

"तुह्या कंप्यूटरमधी असंन की."

मी म्हटलं, आई, तसं बघता येत नाही.

"येत नाही का पाहाचं नाही?"

मी भांडी घासायला घेतली.

१३ नोव्हें.

आई दोन दिवस तेच. रागानं नाही, अगदी मऊ आवाजात. "दादाच्या जन्माचा प्रश्न आहे. मी काय गावभर सांगाले चालली का? आपल्यापुरतं. तुह्या हातात आहे म्हणून म्हणते."

तुझ्या हातात आहे. या घरात हे वाक्य मला पहिल्यांदा कोणी म्हटलं. आजवर माझ्या हातात काय होतं, चष्मा. मला पाहायला पाहुणे यायचे तेव्हा आई तो काढून ठेवायला सांगायची. मी आंधळ्यासारखी ट्रे घेऊन जायची. नंबर पाहुण्यांना नंतर कळायचा.

हे सगळं आठवत असूनही...

१४ नोव्हें.

पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत. मॅडम वरच्या मजल्यावर मीटिंगला. मी आज टेबलावरच डबा खाते म्हणाले, खोटं. नाव टाकलं, गाव टाकलं. तीन प्रणाली आल्या. शिकवल्याप्रमाणे जन्मवर्ष पडताळलं. म्हणजे चोरीसुद्धा नीट शिकलेल्या पद्धतीनं केली.

फीटचा आजार. कॉलेजात वर्गात पडली होती. गोळी चालू. शेवटच्या तपासणीत लिहिलेलं की दोन वर्षांत एकही झटका नाही, गोळी नियमित घेते, सर्व कामं करू शकते.

बंद केलं. समोरचा पोट्टा परत आला, म्हणाला, "ताई, जेवल्या नाही का?" डब्याचं झाकण उघडलेलंच नव्हतं.

१५ नोव्हें.

ठरवलं होतं, काही नाही निघालं असं सांगायचं. आईनं चहा ठेवला. काही विचारलं नाही. चहा दिला, समोर बसली. मीच बोलले. हे लिहून ठेवते, कारण नंतर मीच स्वतःला सांगेन की आईनं काढून घेतलं. आईनं काढून घेतलं नाही. मला सांगायचं होतं. मला काहीतरी माहीत आहे, हे दाखवायचं होतं.

मी सांगितलं की आता बरी आहे, दोन वर्षांत काही झालेलं नाही.

आईनं त्यातला एकच शब्द घेतला. "मिरगी."

"आई, कोणाला बोलू नको."

"नाही वं. येडी आहे का मी."

१८ नोव्हें., मंगळ.

आई मामाशी बोलली. मामा मुलीच्या वडिलांशी बोलला. कसा, ते माहीत नाही, पण मामाचा आवाज मला ठाऊक आहे. आणि तो घरात बसून बोलला नाही. संत्री भरत होते तिथं, मजुरांसमोर, व्यापाऱ्याच्या माणसांसमोर. लपवून पोरगी गळ्यात बांधता का, असं काहीसं.

दादा सावनेरहून आला तेव्हा दिवे लागले होते. गाडीची किल्ली हातातच. आईनं ताट वाढलं. "जेव आधी. नशीब चांगलं म्हणून वाचलो. त्या पोरीले मिरगी आहे. लपवलं त्याहीनं."

दादा उभाच. "कोणापासून लपवलं?"

"आपल्यापासून, अजून कोणापासून."

"मले तिनं त्याच दिवशी सांगतलं होतं. बागेत. पहिलं वाक्य तेच बोलली ती. गोळीचं नाव सांगतलं, झटका आला तं काय करायचं ते सांगतलं. मी म्हटलं, चालते. घरी मी सांगीन म्हटलं, तू घाबरू नको."

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्रं चालू राहिली.

"तुले कोणी सांगतलं, आई?"

"ओळखीतून कळलं."

मी भाजीत मीठ आहे का बघायला आत गेले.

२० नोव्हें.

प्रणाली दादाचा फोन उचलत नाही. एक मेसेज आला फक्त. त्यानं दाखवला नाही, टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेला, मी वाचला. आणखी एक गोष्ट न विचारता वाचली. "तुमच्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं मी. तुम्हाला नको होतं तर मला सांगायचं होतं, मामांना कशाला."

तिला वाटतं दादानं सांगितलं. वाटणारच.

दादा जेवला नाही. मी जेवले. भूक लागली होती, त्याचीही लाज वाटली.

२२ नोव्हें., शनि.

मामाचा फोन. बोलता बोलता म्हणाला, तिला शाळेनं घरी बसवलं. पोरांच्या काही आयांनी जाऊन सांगितलं, लेकरांच्या वर्गात पडली-बिडली तर. मुख्याध्यापक म्हणाले, डॉक्टरचा कागद आणा, तोवर आराम करा.

आई ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "शाळेत कशाले गेलं हे?" खरंच विचारत होती. मग डोक्यावरून पदर घेतला आणि तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच तांदूळ होते.

२३ नोव्हें., रवि.

दादाला सांगितलं.

तो अंगणात एका मोटारीचं वायंडिंग उकलत बसला होता. मी बाजूला बसले. म्हटलं, दादा, ते मी पाहिलं होतं. दवाखान्यात. मी आईला सांगितलं.

त्याचे हात थांबले नाहीत. तांब्याची तार काढत राहिला, गुंडाळत राहिला. खाली बघूनच म्हणाला, "तुले काहून पाहावं वाटलं?"

मी म्हटलं, तुझ्या काळजीनं.

"खरं सांग."

मग खरं सांगितलं. की मला घरात कोणी काही समजत नाही. की तेव्हा वाटलं, आपल्यालाही काही येतं.

तो म्हणाला, "मी समजत होतो तुले."

होतो.

मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं आजवर कधी हात उचलला नाही, आजच कशाला उचलेल.

२४ नोव्हें.

मॅडमला आज सांगायचं ठरवून गेले. मॅडम दोनदा माझ्या टेबलाशी आल्या. दुसऱ्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता चुका कमी झाल्यात तुझ्या." सांगितलं नाही.

२६ नोव्हें.

मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं.

प्र.चे वडील सकाळी येऊन गेले होते. मी जिन्यात होते तेव्हा बाजूनं गेले असतील. मॅडम म्हणाल्या, "ते भांडले नाहीत. म्हणाले, पोरीचा आजार तुम्हाला ठाऊक होता आणि आम्हाला, बाजारात कसा आला तेवढं सांगा. जावई होणाऱ्या पोरानं सांगितला म्हणतात, पण तो पोरगा दारात येऊन शपथ घेऊन गेला की त्यानं नाही सांगितला." म्हणजे दादा तिथं जाऊन आला होता. आणि त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं.

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव, तारीख, वेळ. शंकेला जागाच नव्हती, ती फाइल कित्येक महिन्यांत मी सोडून कोणीच उघडली नव्हती.

"मी सांगणारच होते, मॅडम."

"हो," त्या म्हणाल्या. "सगळे सांगणारच असतात."

मग विचारलं, कोणाकोणाला सांगितलं. सांगितलं. लिहून घेतलं. सही कर म्हणाल्या. केली. मला वाटलं आता चिडतील, पण त्यांनी चष्मा काढला, डोळे दाबले आणि म्हणाल्या, "तुला घेऊ नका म्हणाले होते वरचे. वय जास्त आहे, शिकणार नाही. मी म्हटलं, या वयाची मुलगी जास्त जबाबदार असते."

बाहेर पडताना पासवर्ड बंद झालेला. मला माहीत होतं, तरी एकदा टाकून बघितला. का, ते सांगता येणार नाही.

२८ नोव्हें.

पूर्ण बॅचचं दवाखान्यातलं प्रात्यक्षिक थांबवलं. चौकशी होईपर्यंत सगळे क्लासमध्येच, सरावाच्या पेशंटवर. मला वर्गात बसायची परवानगी आहे, सर्टिफिकेटचं नंतर बघू. आज गेले. माझ्या शेजारचा पोट्टा पुढच्या रांगेत जाऊन बसला. त्याला इथंच नोकरी लागायची होती, घरी लग्नाची बहीण आहे.

सरावाच्या पेशंटचं नाव 'टेस्ट टेस्ट'. त्याला ताप, खोकला, काहीही लावा. कोणाचं काही जात नाही.

बाबा रात्री जेवताना म्हणाले, "तिच्या घरी कोण जाणार आहे?" आई खाली बघत होती. मी म्हटलं, मी जाते.

७ डिसें., रवि.

गेले. एकटीच. नरखेडपर्यंत बस, पुढे ऑटो. ऑटोवाल्यानं विचारलं कोणाकडे, घराचं नाव सांगितलं तर आरशातून बघितलं माझ्याकडे.

तिच्या आईनं पाणी दिलं. चहा विचारला नाही, बरंच झालं. वडील आत निघून गेले. प्र. मागच्या पडवीत संत्री निवडत बसली होती. मोठी एका क्रेटमध्ये, डागाळलेली दुसऱ्यात. मला बस म्हणाली नाही, उठही म्हणाली नाही. मी उभी.

सगळं सांगितलं. दादाचा दोष नाही, त्यानं कोणाला एक शब्द सांगितला नाही, मी पाहिलं, मी बोलले. इथं येताना माफीचं वाक्य जुळवून आणलं होतं, ते आलंच नाही तोंडात.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी नाही सांगितलं."

"नाही."

"मी त्यांना नको ते बोलले." डागाळलेलं एक बाजूला टाकून, "ताई, शाळेतल्या पोरांना माहीत आहे का आता? माझ्या वर्गातल्या. चार-पाच वर्षांची आहेत. एकाची आई म्हणे त्याला सांगते, टीचरच्या जवळ बसू नको."

एक संत्रं घरंगळलं होतं, ते उचलून मी क्रेटमध्ये ठेवलं.

मग तिनं विचारलं, "त्यात काय लिहिलंय माझ्याबद्दल? तुम्ही वाचलं ना. मी कधी वाचलंच नाही. डॉक्टर बोलायचे बाबांशी."

मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही. आता तरी नाही. पण ते तुमचं आहे. अर्ज दिला, ओळखपत्र दाखवलं की त्याची प्रत तुम्हाला मिळते. शाळेला द्यायचं डॉक्टरांचं पत्रसुद्धा त्यावरूनच मिळेल. रेकॉर्ड विभाग कुठं, कोणत्या वेळेला जायचं, कोणत्या डॉक्टरांची ओपीडी कधी, सगळं सांगितलं. तिनं फोनमध्ये टिपून घेतलं. या सगळ्या महिन्यांत शिकलेलं पहिल्यांदा कोणाच्या कामी आलं, आणि ते असं.

निघताना तिच्या आईनं पिशवीत संत्री भरून दिली. नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरून रिकामं कोणी जात नाही." मान वर करता आली नाही.

८ डिसें.

दादाला सांगितलं, तिला खरं कळलं आहे. "बरं केलं," म्हणाला. सावनेरला गेला. अजून माझ्याशी तेवढंच बोलतो जेवढं लागतं. मीठ दे. दार लाव.

आईनं संत्री सोलून बाबांना दिली. स्वतः एक फोड घेतली नाही.

१५ डिसें., सोम.

प्र.चा काल मेसेज आला होता. उद्या दवाखान्यात येते, ओळखीचं कोणी नाही तिथं, बाबांना शेत सोडता येत नाही. एवढंच. या, असं लिहिलेलं नाही. मी गेले.

मला आत जायची मनाई. गेटबाहेर रसवंतीच्या बाकावर बसून राहिले. ती एकटीच आत गेली. बराच वेळ लागला. तांबे मॅडम तिला दारापर्यंत सोडायला आल्या, मला पाहिलं, थांबल्या. मी उभी राहिले. त्यांनी मान हलवली, नमस्काराची की कशाची ते कळलं नाही, आणि आत गेल्या.

डॉक्टरांचं पत्र मिळालं. शिकवायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलंय. शाळा ऐकेल की नाही, बुधवारी कळेल. ती म्हणाली, ऐकलं नाही तर दुसरी शाळा बघेन, पण आधी यांनाच विचारेन.

मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती आपल्या फाइलची प्रत वाचू लागली. हळूहळू, बोट ठेवून. मी रस्त्याकडे बघत राहिले. एका ठिकाणी थांबली.

"ताई, हे काय? नावाच्या पुढंच लिहिलंय. के, सी, ओ."

"इंग्रजीतला शॉर्टफॉर्म आहे, नोन केस ऑफ. आजाराच्या नावाआधी लिहितात. म्हणजे, या आजाराची माहीत असलेली पेशंट."

"कोणाला माहीत असलेली?"

ती थांबली नाही उत्तरासाठी. पान उलटलं, पुढचं वाचायला लागली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाकावर दोघींच्या मधेच ठेवलेला होता. दादाचं नाव. तिनं पाहिलं. कट केला नाही, उचललाही नाही. वाजत राहिला. मी उठले, दोन ग्लास रस सांगायला गेले, म्हणजे मला ऐकू येणार नाही.